पहिला ठोका मालकाचा

इनास मच्याडोची आणि माझी पहिली भेट गणपतीच्या आरतीत झाली, आणि त्या आरतीचं त्याने पार वाटोळं केलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोह्याच्या वेस्ट बेमध्ये तेव्हा मोजून चार उंच इमारती होत्या आणि त्यातल्या एकीत मी ड्राफ्ट्समन होतो. राहायला अबू हमूरला, एका जुन्या व्हिलात. व्हिला म्हटलं की सांगलीला आमच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे बंगला यायचा. प्रत्यक्षात मालकाने मधे पार्टिशन घालून तिचे चार पोर्शन केले होते, आणि एकाने कुकर लावला की शिट्या चौघांना मोजता यायच्या. गणपती आम्ही दीड दिवसाचा, दारं-खिडक्या लावून, आवाज बेताचा ठेवून बसवायचो. त्या वर्षी मजलिसच्या, म्हणजे मालकाच्या जुन्या बैठकीच्या, खोलीत नवीन भाडेकरू आला होता. वसईचा आहे, एवढंच कळलं होतं. बायको म्हणाली, "ख्रिश्चन असला म्हणून काय झालं, मोदकाला बोलवा." तो आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि आरती सुरू झाल्यावर टाळ्या वाजवू लागला. पण आमची टाळी पडली की त्याचे हात लांब, आणि आमचे हात लांब गेले की त्याची टाळी. आधी वाटलं, बिचाऱ्याला सवय नसेल. तिसऱ्या आरतीला बघतो तर अर्ध्या बायका त्याच्यासारख्या वाजवायला लागलेल्या, आमचं तीन वर्षांचं पोरगं कमरेत डुलतंय, आणि मी, घरचा यजमान, तबक हातात घेऊन चाल विसरलेला.

आरती झाल्यावर मी जरा खोचूनच विचारलं, "टाळी चुकत होती का हो तुमची?"

"चुकत नव्हती," तो शांतपणे म्हणाला. "पहिला ठोका मालकाचा असतो, भाऊ. आपला दुसरा."

पुढच्या आठ वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. व्हिसा लांबला, पाणी गेलं, घरमालकाने भाडं वाढवलं, सगळ्याला हेच उत्तर. त्याच्या लेखी तो जमैकाच्या रेगे संगीताचा नियम होता. पहिल्या ठोक्यावर काही वाजवायचं नाही, तो मोकळा सोडायचा, आणि मग हळूच आत शिरायचं. गल्फात नोकरी करणाऱ्याला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही, असंही तो म्हणायचा.

कारण इनास रेगे गायचा. वेस्ट बेच्या एका मोठ्या हॉटेलात, आठवड्यातले सहा दिवस. हॉटेलच्या लॉबीत त्याचं माणसाएवढं पोस्टर होतं : 'किंग्स्टन जॉनी, थेट जमैकाहून!' खाली वसईच्या इनास मच्याडोचा फोटो, डोक्यावर लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी आणि टोपीतून खांद्यावर लोंबणाऱ्या जटा. जटा टोपीलाच शिवलेल्या होत्या. दर शुक्रवारी सकाळी तो ती टोपी धुऊन आमच्या सामाईक दोरीवर वाळत घालायचा. पहिल्या शुक्रवारी बायको घाबरून आत आली. "अहो, माझ्या साड्यांच्या शेजारी कुणीतरी मुंडकं टांगलंय!"

हे जमैका प्रकरण त्याने काढलेलं नव्हतं. मुंबईत मुलाखत घ्यायला आलेल्या हॉटेलच्या मॅनेजरने त्याचा काळा रंग पाहिला, कुरळे केस पाहिले, दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "जमैकाचा म्हणून खपशील का?" इनासला तेव्हा तीन महिने काम नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही खपवा, मी गातो." कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं कलमच होतं : लोकांसमोर स्टेजवरचंच नाव, स्टेजवरचाच देश. पासपोर्ट भारताचा, व्हिसा भारतीयाचा, आणि माणूस जमैकाचा.

मी एकदा ऑफिसच्या पार्टीला त्या हॉटेलात गेलो, तर एक गोरी बाई त्याला विचारत होती की जमैका कसं आहे. इनास डोळे मिटून, अगदी कातर आवाजात सांगत होता. समुद्र आहे, समुद्राला लागून केळीच्या बागा आहेत, विहिरी आहेत, गावोगाव पांढरी चर्चं आहेत, लग्नात आठ-आठ दिवस बँड वाजतो, म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून नाचतात. लुगडी शब्दाला त्याने इंग्रजीत काहीतरी लांबलचक केलं. बाईच्या डोळ्यांत पाणी. घरी येताना मी म्हटलं, "अरे, केवढं खोटं बोलतोस!" तो गाडीत सरळ होऊन बसला. "एक शब्द खोटा नाही. मी वसई सांगितली. जमैका ती म्हणाली."

आता त्याने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीकडे येतो, कारण गाडी तिथेच अडली.

दोह्याला येण्याआधी इनास मुंबईच्या स्टुडिओंत बास गिटार वाजवायचा. गावच्या लग्नाच्या बँडमधून तो तिथे गेला होता. सकाळी एका संगीतकाराची शिफ्ट, दुपारी दुसऱ्याची. पुढ्यात कागद ठेवायचे, तो वाजवायचा आणि उठायचा. गाणं कुणाचं, सिनेमा कुठला, पुष्कळदा पत्ता नसायचा. टेक झाल्यावर बाकीचे ऐकायला थांबत, हा कधी थांबला नाही, कारण पुढच्या शिफ्टला उशीर व्हायचा. त्याला स्टुडिओतली माणसं फार मानत असावीत, पण त्याच्या हिशेबी चांगल्या वाजवण्याची खूण वेगळीच होती. "बास वाजतोय हे कुणाला कळलं नाही, तर तो नीट वाजला." मग एक कीबोर्ड आला, त्यात चाळीस वाद्यं आली आणि चाळीस माणसं घरी गेली. त्यातला हा एक.

तर, एक जुनं मराठी सिनेमाचं गाणं आहे. नाव सांगत नाही, उगाच वाद नको. पण ते तुमच्या लग्नात वाजलेलं आहे, माझ्या तर साखरपुड्यातही वाजलं होतं. त्याच्या सुरुवातीला बाकी सगळं गप्प असतं आणि फक्त बास वाजतो, जेमतेम नऊ सूर, आणि मग गाणं उमलतं. एकदा व्हिलाच्या गच्चीवर चहा पिताना काझीच्या रेडिओवर ते लागलं. काझी म्हणजे आमचा तिसरा शेजारी, रत्नागिरीचा, एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. इनास सहज म्हणाला, "हा बास माझा आहे."

आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, खो-खो हसलो. काझीला ठसका लागला. "अरे इनास, तू जमैकाचा आहेस हे मी एक वेळ मानेन, पण हे गाणं तू वाजवलंस, हे नाय!"

कॅसेटच्या कव्हरवर वादकांची नावं नसायचीच, त्यामुळे पुरावा शून्य. मीही म्हणालो, "थाप मारायची तर जरा लहान मार." इनासने कप ठेवला, हातावरचा चहा पुसला आणि खाली निघून गेला. हा माणूस खोटं बोलला तेव्हा अख्ख्या दोह्याने विश्वास ठेवला. खरं बोलला तेव्हा गच्चीवरच्या दोघांनीही ठेवला नाही. त्या दोघांतला एक मी, हे आजही सांगताना मला बरं वाटत नाही.

पण आमच्या हसण्याचं त्याला एवढं नव्हतं. दुखणं होतं घरचं. त्याची बायको मार्था आणि मुलगी सिंथिया वसईला असायच्या. सिंथिया बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्या डिसेंबरात दोघी व्हिजिट व्हिसावर आल्या. पोरगी हुशार, शब्दाला शब्द देणारी. बापाचं पोस्टर तिने लॉबीत पाहिलं आणि त्यानंतर दोन दिवस ती बापाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पार्टिशनच्या पलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं, कारण त्या व्हिलात सगळंच ऐकू यायचं. इनास तिला त्या गाण्याचं सांगत होता. आणि ती म्हणाली, "डॅडी, हॉटेलात काय सांगायचं ते सांगा. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

इकडे मी भाताचा चमचा वाजू दिला नाही.

त्याच महिन्यात आमच्या मराठी मंडळाचा मोठा कार्यक्रम होता. मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव, म्हणजे निवेदक, म्हणजे खुर्च्याही मांडणारा. मुंबईहून जुने संगीतकार येणार होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते गाणं त्यांचंच. सोबत बारा जणांचा वाद्यवृंद. अकरा जण आले. बास वाजवणाऱ्याचा व्हिसा अडकला आणि व्हिसा ऑफिसातला माणूस मला रोज फोनवर "बुकरा, इन्शाल्ला" म्हणत राहिला. म्हणजे उद्या. गल्फातल्या उद्याला तारीख नसते. कार्यक्रमाला दोन दिवस उरले तेव्हा मी लाज गुंडाळून इनासच्या दाराशी गेलो.

"त्या दिवशी हसलो होतो," मी म्हणालो.

"हसलास. बास कुठे आणि किती वाजता?" एवढंच.

पण हॉटेलची परवानगी लागणार होती. मी मॅनेजरला भेटलो. माणूस वाईट नव्हता. पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या त्यानेच मंडळाला दिल्या होत्या. तो म्हणाला, जॉनीला खुशाल न्या, पण तुमच्या कार्यक्रमाला आमचीच गिऱ्हाइकं असणार, तेव्हा तो जॉनीच राहील, टोपीसकट. काही वेगळं झालं तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट खलास. मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम." या दोन शब्दांनी मी गल्फात जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशाने केलं नसेल.

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी. नाना ऐंशीला आलेले, नजर अधू, भिंतीकडे तोंड करून चहा पीत बसलेले. इनास मागच्या स्टुलावर, टोपीशिवाय, माझ्याच जुन्या चेकच्या शर्टात. वाद्यवृंदाच्या प्रमुखाने चार आकडे मोजले आणि इनासने ते नऊ सूर वाजवले.

नानांनी कप खाली ठेवला. "थांबा."

"नाना, नवीन माणूस आहे," प्रमुख घाईघाईने म्हणाला. "पहिला ठोका चुकला त्याचा. सांगतो मी त्याला."

"त्याचा नाही चुकला. तुमचा वीस वर्षं चुकतोय." नाना भिंतीकडेच तोंड ठेवून बोलत होते. "मी कागदावर पहिल्या ठोक्यापासून लिहिलं होतं. त्या दिवशी एका पोराने पहिला ठोका सोडून दिला आणि दुसऱ्यावर आला. मी काचेमागून ओरडलो. मग टेक ऐकला आणि तसाच ठेवला. तेव्हापासून जो येतो तो माझ्या कागदाप्रमाणे वाजवतो आणि गाणं मारतो. कोण आहे मागे?"

"इनास, नाना."

"वसईचा? ओरडल्यावर रडवेला झाला होतास तो?"

"रडवेला नव्हतो झालो."

"टेक ऐकायला थांबला का नाहीस मग?"

"पुढची शिफ्ट होती, नाना. मला वाटलं, चुकलेला टेक तुम्ही फेकला असेल."

त्या चुकीचं कारण मला ठाऊक होतं. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने त्याला लहानपणी रेगेच्या कॅसेटी आणून दिल्या होत्या, आणि हाताला तीच सवय लागली होती. म्हणजे ज्या ठोक्यावरून मी आरतीत खोचून बोललो होतो, त्याच ठोक्यावर माझा साखरपुडा झाला होता. मी खुर्च्या मांडायचं सोडून एका खुर्चीवर बसलो.

नानांनी मला जवळ बोलावलं, माझ्या वहीतला कागद फाडून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून लिहिलं. "निवेदक तुम्ही ना? हे वाचायचं. यातला शब्द बदलायचा नाही." मी चिठ्ठी खिशात ठेवली. हॉटेलच्या अटीचं नानांना सांगायला माझी जीभ वळली नाही. इनासला बाहेर गाठून सांगितलं, तर तो पार्किंगमध्ये उन्हाकडे बघत राहिला.

"सिंथिया येणार आहे कार्यक्रमाला," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिची फी पण याच हॉटेलातून जायची आहे." आणि शेवटी, "बघ भाऊ. माइक तुझ्या हातात आहे."

कार्यक्रमाला हॉल गच्च. पहिल्या रांगेत मॅनेजर, तिसऱ्या रांगेत मार्था आणि सिंथिया. इनास टोपी घालून मागच्या स्टुलावर बसला. मी एकेका वादकाचं नाव घेत गेलो आणि शेवटी चिठ्ठी उघडली. मॅनेजरने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी इनासकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. त्याने फक्त बासची एक खुंटी पिळली, ती आधीच सुरात होती.

"आणि बासवर," मी म्हणालो, "खास आपल्यासाठी, जमैकाचे पाहुणे कलाकार, किंग्स्टन जॉनी!"

काय टाळ्या पडल्या! वसईची दहा-बारा मंडळी मागे गालातल्या गालात हसली. गाणं इतकं सुंदर झालं की वन्समोअर घ्यावा लागला. कार्यक्रमानंतर आमच्या अध्यक्षीणबाई इनासचा हात हातात घेऊन मला म्हणाल्या, "परका माणूस असून आपलं गाणं काय नेमकं पकडलंय हो! यांना सांगा ना इंग्रजीत." मी सांगितलं. इनासने छातीवर हात ठेवून "थँक यू, मॅन" म्हटलं. नानांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निवेदक, चष्मा घरी विसरलात वाटतं," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

सिंथिया बापाजवळ आली. "छान वाजवलंत," ती म्हणाली. "जमैकाचे शोभता, डॅडी." आणि टोपीची एक सुटलेली जट तिने बोटाने आत खोचली.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, मी तिला सगळं सांगतो, हे दाखवतो. त्याने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. "नको. आता तिला वाटतं, बापाचं नाव नव्हतंच. हे वाचलं तर वाटेल, होतं आणि माझ्या फीसाठी गेलं. शिकायची आहे अजून तिला. खलास, विषय संपला."

मी विषय संपवला. मला तेवढीच सोय हवी होती, हेही कबूल करतो. दोन वर्षांनी हॉटेलने गायक काढून डीजे आणला. डीजेही पोस्टरवर भलत्याच देशाचा होता. इनास जाताना मला टोपी देऊन गेला. "पोराला दे. गॅदरिंगला कामी येईल." विमानतळावर मी काहीबाही बोलायला लागलो, तेव्हा त्याने मला थांबवलं आणि सामानाची ट्रॉली आधी पुढच्या माणसाला जाऊ दिली. "पहिला ठोका..." तो म्हणाला. मी हात जोडले.

त्यानंतर चार वर्षांनी इनास गेल्याचं काझीने फोन करून सांगितलं तेव्हा मी सुट्टीवर सांगलीला होतो. हार्ट अटॅक, घरीच. मी मिळेल त्या गाडीने वसई गाठली. समुद्राजवळ पांढरं चर्च, मागे केळीच्या बागा, वाटेत लाल लुगड्यातल्या दोन म्हाताऱ्या. सगळं त्याने त्या गोऱ्या बाईला सांगितलं होतं तसंच. फादर प्रवचनात म्हणाले की इनास प्रेमळ पिता होता, अनेक वर्षं परदेशी हॉटेलात गाणी गात असे. बस, संपलं. सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली आणि लोक फाटकाकडे निघाले.

सिंथिया तिथेच उभी होती. ती आता मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, शिक्षण कधीच पुरं झालं होतं. मी पासपोर्टचं पाकीट काढलं. गल्फातल्या माणसाचं महत्त्वाचं सगळं त्याच पाकिटात असतं, आणि सहा वर्षं ती चिठ्ठीही त्यातच होती. तिने ती वाचली. पुन्हा वाचली.

"हे कधीचं?"

"त्याच दिवशीचं."

"तुमच्या खिशात होतं? स्टेजवर?"

"हातात होतं," मी म्हणालो. आणि मग इनास फीबद्दल काय म्हणाला होता तेही सगळं सांगितलं. आता लपवून कुणाचं भलं करायचं राहिलं नव्हतं. तिने तोंडावर रुमाल दाबला. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलायला हवंच होतं. पण तिने डोळे पुसले आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"वाचा, काका."

"मी वाचलीय, बाळा."

"मनात नाही. निवेदक तुम्ही होता ना? वाचा."

फाटकाशी पोचलेली माणसं थांबली. मार्था वळून बघू लागली. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं :

"बासवर, इनास मच्याडो, वसई. मूळ गाण्यात हाच हात आहे. चूक त्याची, नाव माझं झालं."

दफनभूमीत टाळ्या वाजवत नाहीत, एवढं मलाही कळतं. मी पहिला ठोका सोडला आणि टाळी वाजवली.